पाहुणा की गिऱ्हाईक?

दिवाळीचा फराळ डब्यांत भरून झाला की घरोघर दुसरा एक विषय सुरू होतो. सुटी किती दिवसांची, गाडीची तिकिटे मिळतील का, थंडीचे कपडे लागतील का, आजींना पायऱ्या झेपतील का, आणि मुख्य म्हणजे जायचे कुठे? कोणाला समुद्र हवा असतो, कोणाला डोंगर. वडील खर्चाचा आकडा मांडतात, मुले मोबाइलवर चित्रे दाखवतात, आणि आई मनातल्या मनात वाटेसाठी दशम्या किती लागतील याचा हिशेब करते. या साऱ्या बोलण्यात एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. आपण तिथे जाणार ते कोण म्हणून?

प्रश्न जरा विचित्र वाटेल. कोण म्हणून म्हणजे काय? प्रवासी म्हणून! पण प्रवासी हा शब्द फार सोयीचा आहे. त्याच्या पोटात दोन वेगळी माणसे राहतात. एक पाहुणा आणि दुसरे गिऱ्हाईक. दोघेही परक्या उंबरठ्याशी येतात, दोघांनाही काहीतरी हवे असते. पण आत येण्याची रीत निराळी. पाहुणा चपला काढून आत येतो, बसा म्हटल्यावर बसतो आणि पानात पडेल त्याला नावे ठेवीत नाही. गिऱ्हाईक दारातूनच भाव विचारते, माल चाळून पाहते आणि पैसे टाकले की आपले देणे फिटले असे समजते. दुकानात गिऱ्हाईक होण्यात काहीच गैर नाही. पण डोंगर, लेणे, समुद्रकिनारा, दुसऱ्याचे गाव यांना दुकान म्हणता येईल का?

मी शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. कॉलेजची पायरी मी चढले नाही, तेव्हा या विषयावर मोठमोठ्या तत्त्ववेत्त्यांची मते मांडणे मला जमणार नाही. पण वर्षानुवर्षे मुलांच्या सहली घेऊन हिंडले आहे, आणि मुलांबरोबर हिंडणाऱ्याला विचार करण्यावाचून गत्यंतर नसते. त्यांचे प्रश्न आपल्याला गप्प बसू देत नाहीत.

पूर्वी आपल्याकडे सहल नव्हती, यात्रा होती. काशीला निघणारा माणूस घरादाराची निरवानिरव करून निघे, कारण परत येण्याची खात्री नसे. आला तर गंगा घेऊन येई, आणि मग मावंदे घालून गावाला जेवू घाली. जाण्याची किंमत जाणाऱ्याने आपल्या देहाने मोजायची आणि आल्यावर मिळालेले पुण्य चारचौघांत वाटायचे, असा तो व्यवहार होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेकडे निघाले आणि ऐन धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला. तो वाचताना ध्यानात येते की त्या काळचा प्रवासी पावलोपावली दुसऱ्याच्या दयेवर जगत असे. कोणी ओसरी दिली तर निजायचे, कोणी शिधा दिला तर शिजवायचे. असा माणूस मिजास करील कशी? पाहुणा होण्यावाचून त्याला दुसरा मार्गच नव्हता.

पण जुन्याचे गोडवे गाताना अर्धेच सांगून चालणार नाही. ती ओसरी सर्वांसाठी नव्हती. ब्राह्मणाला जिथे पाट मांडला जाई, तिथे दुसऱ्या कोणाला अंगणातही उभे राहू देत नसत. धर्मशाळेच्या विहिरीवर पाणी मागण्याआधी जात सांगावी लागे. आणि एकट्या बाईने देश पाहायला निघणे म्हणजे तर अब्रूलाच मुकणे. रेल्वेचे तिकीट आले, एस.टी.चे तिकीट आले आणि या तिकिटाने एक मोठे पुण्य केले. ते जात विचारीत नाही. पैसे मोजले की जागा मिळते, मग तुम्ही कोणी का असा. माझ्यासारखी एखादी शिक्षिका आज एकटी उठून कन्याकुमारीला जाऊ शकते ती पाहुणी म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून. म्हणून गिऱ्हाइकाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. तिकिटाने आपल्याला आत येण्याचा हक्क दिला, आणि तो हक्क फार मोलाचा आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की तिकिटाने हक्क मिळतो तो आत येण्याचा. आत असलेल्या वस्तूचा नव्हे. हा फरक लहान दिसतो, पण सगळा घोटाळा तिथेच होतो.

अजिंठ्याचे उदाहरण घ्या. १८१९ साली २८ एप्रिलला जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला म्हणून वाघूर नदीच्या त्या घळीत आला आणि रानात बुजलेली लेणी त्याला दिसली. आसपासच्या माणसांना ती ठाऊक होतीच. बाहेरच्या जगाला ठाऊक झाली ती तेव्हापासून. मग या गृहस्थाने काय केले? दहाव्या लेण्यात, प्राचीन चित्रात, आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. अजिंठ्याचा तो आधुनिक काळातला पहिला पर्यटक, आणि आजच्या पर्यटकाची सर्वांत वाईट खोडही त्याच्यापासूनच सुरू झालेली!

यावर कोणी म्हणेल की, बाई, लेण्यात नावे तर जुन्या लोकांनीही कोरली आहेत. कोरली आहेत, आणि ती मुद्दाम पाहावीत अशी आहेत. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. तिथल्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत नावे आहेत. धेनुकाकट गावचे लोक आहेत, त्यांत यवन आहेत, म्हणजे दूरदेशाहून येऊन इथे राहिलेली माणसे आहेत. दाराचे दान देणारा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी तर सांगतो की हे जंबुद्वीपातले सर्वोत्तम शैलगृह आपण पूर्ण केले. पण यांतल्या बहुतेक नावांपुढे दान हा शब्द आहे. खांब दिला, मग नाव लिहिले. खिळ्याने बदाम काढून त्यात स्वतःचे नाव कोरणारा आजचा तरुण आणि हे दाते यांच्यात फरक एवढाच. एकाने दिले आणि लिहिले, दुसऱ्याने काही न देता लिहिले. मुलांना मी हे खांब दाखवते. ‘तुमचे नाव इथे लिहायचे असेल तर आधी एक खांब द्या,’ असे म्हटले की मुले हसतात, पण विसरत नाहीत.

नावे कोरणारा दुष्ट आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण अजिंठा आपल्याला इतक्या सहज सुटू देत नाही. तिथली चित्रे दगडावर नाहीत, दगडाला दिलेल्या मातीच्या गिलाव्यावर आहेत. त्या मातीत भाताचे तूस आहे, गवताचे आणि वनस्पतींचे तंतू आहेत. हवेतला ओलावा वाढला की तो गिलावा भोगतो. आणि ओलावा येतो कुठून? पावसातून येतो, तसाच माणसाच्या श्वासातून आणि घामातून येतो. म्हणजे ज्याने भिंतीला बोटही लावले नाही, नुसते हात जोडून पद्मपाणीसमोर उभा राहिला, तोही थोडे नुकसान करूनच बाहेर पडतो. म्हणूनच तिथे चित्रे असलेल्या लेण्यांत प्रखर दिवे नाहीत, छायाचित्रासाठी झगमगाट करू देत नाहीत आणि गर्दीला एकदम आत सोडीत नाहीत. मोटारीही चारेक किलोमीटर अलीकडे थांबवून पुढे तिथल्या बसने नेतात.

एवढेच कशाला, या चित्रांवर प्रेम करणाऱ्यांच्या हातूनही त्यांना इजा झाली आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने खास इटलीहून जाणकार आणले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा मोठ्या कौशल्याने धरून ठेवला, हे त्यांचे उपकार. पण चित्रांवर त्यांनी जो लाखेचा लेप दिला, तो पुढे पिवळा पडत गेला आणि खालचे रंग झाकोळले. हेतू चांगला असला म्हणजे परिणाम चांगलाच होतो, असे नाही.

हे सारे मुलांना समजावून सांगत मी एकदा सतराव्या लेण्याबाहेर उभी होते. सातवीतली एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, “बाई, आपल्या श्वासानं चित्रं खराब होतात, तर मग आपण आलोच कशाला?”

मी या लेखात ज्याच्याशी झगडते आहे तो प्रश्न हाच. तो त्या मुलीने अकरा शब्दांत मांडला. जी वस्तू पाहिल्याने झिजते, ती पाहावी का?

मोठी माणसे या प्रश्नाला एक ठरीव उत्तर देतात. मी एकट्याने काय होणार आहे? गणित शिकवणाऱ्याला हे उत्तर पटण्यासारखे नाही. वर्गात चाळीस मुले असतात आणि प्रत्येकाने ‘मी एकटाच बोलतोय’ असे म्हटले तर काय होते ते आम्हाला रोज ऐकू येते. साताऱ्याहून पंचवीसएक किलोमीटरवर कासचे पठार आहे. जांभ्या दगडावर मातीचा पातळसा थर, बस्स. मोठे झाड तिथे मूळ धरू शकत नाही, म्हणूनच तिथे बोटभर उंचीच्या झाडांचे राज्य आहे. पावसाळ्याच्या शेवटी तेरडा, गेंद, सीतेची आसवे अशी फुले गालिचा घालावा तशी उमलतात. त्या सीतेच्या आसवांचे नाव इतके कोमल, पण झाड किडे खाणारे आहे! दगडावर पोटभर अन्न मिळत नाही, मग बिचारे करील काय? २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर हे पठारही जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि मोटारींची रांग लागली. एका माणसाच्या एका पावलाने त्या मातीचे काही बिघडत नाही. पण फुलांत बसून फोटो काढावा असे प्रत्येकाला वाटते, आणि पुढच्याने दाबलेल्या जागीच मागचा बसतो. शेवटी रोजची संख्या ठरवून आधी नोंदणी करण्याचा नियम करावा लागला. लोक कुरकुरले. फुले पाहायला परवानगी कसली? पण हा नियम कोणा अधिकाऱ्याची लहर नव्हे. मातीच्या थराची जाडी जेवढी, तेवढाच हा नियम कडक आहे.

तर मग त्या मुलीला काय सांगावे? जाऊच नये? घरी बसून पडद्यावर चित्रे पाहावीत?

मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण मी रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळास या गावी पाहिले. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. तिथल्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत रात्री समुद्री कासविणी येतात, वाळूत खळगा करून शंभरएक अंडी घालतात आणि वाळू सारखी करून निघून जातात. पूर्वी ती अंडी कोल्हीकुत्री खात, माणसेही उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ही अंडी राखायला सुरुवात केली. अंडी सापडली की ती कुंपणातल्या वाळूत तशाच खळग्यात ठेवायची, आणि पन्नासएक दिवसांनी पिले वर आली की किनाऱ्यावर सोडायची. पुढे ती पिले पाहायला माणसे येऊ लागली. गावात हॉटेल नव्हते, म्हणून गावकऱ्यांनी आपल्या घरांतच त्यांची सोय केली. त्यातून चार पैसे मिळू लागले. ज्या अंड्यांचे मोल पूर्वी एका जेवणापुरते होते, ती राखण्यात आता साऱ्या गावाचे हित झाले.

म्हणजे पाहण्याने वस्तू झिजते हे जसे खरे, तसेच पाहिल्यामुळे ती वाचते हेही खरे. ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही, ते लेणे गुरे बांधायला जाते, तो डोंगर खाणीसाठी विकला जातो, आणि कोणाला हळहळही वाटत नाही. हळहळ वाटायला आधी ओळख व्हावी लागते. त्या मुलीला मी तेव्हा सांगितले ते हेच. “आपण आलो, कारण न पाहिलेल्या गोष्टीसाठी कोणी भांडत नाही. आता तू पाहिलेस. पुढे यासाठी भांडायचे तुझ्याकडे लागले.” ती हसली नाही. तिने मान हलवली. मुलांना काम सोपवले की ती गंभीर होतात.

पण वेळासलाही अट आहे. पिलू वाळूतून वर आले की उजेडाच्या दिशेने चालते. अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राकडचे आभाळच काय ते उजळ असते, म्हणून ते समुद्राकडे जाते. तुम्ही मागून विजेरी लावलीत की ते बिचारे फिरून तुमच्याकडे येईल. जन्मल्याबरोबर त्याला चुकीचा रस्ता दाखवण्याचे पाप आपल्या हौसेने होते. भंडारदऱ्याकडचे काजवेही असेच. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीस झाडेच्या झाडे लुकलुकतात. ती लुकलुक म्हणजे काजव्यांचे एकमेकांशी बोलणे, जोडीदाराला घातलेली साद. आपल्या मोटारीचा दिवा पडला की त्यांचे बोलणे तुटते. लग्नघरात जाऊन वधूवरांच्या मध्येच उभे राहावे, तसा हा प्रकार.

गावात राहण्याचाही एक धर्म आहे. घरगुती मुक्कामाची जाहिरात ‘अगदी घरच्यासारखे’ अशी असते. घरच्यासारखे म्हणजे कसे, ते घरातल्या बाईला विचारावे. पाहुणा आला की राबते कोण, हे मला कोणी शिकवायला नको. पहाटे उठून चूल किंवा गॅस पेटवणारी, वीस माणसांचे मोदक वळणारी, सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्या भातावर आमटी ओढून जेवणारी ती बाई आपल्या फोटोत कुठेच नसते. पैसे दिले, हे खरे. पण पैसे दिल्यावरही ‘वहिनी, माशाची आमटी फार छान झाली होती’ असे म्हणायला काही खर्च येत नाही. रात्री अकरा वाजता चहाची फर्माईश करू नये, एवढे तर आपण आपल्या आत्याकडेही पाळतो. तिसऱ्या दिवशीही न हलणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण आपल्या भाषेत आहे. यजमानाच्या दमण्याची दखल भाषेनेही घेतली आहे.

आता त्याहून अवघड गोष्टीकडे येते. पाहण्यासाठी म्हणून आपण जातो तेव्हा वाटेत माणसेही असतात. त्यांचे काय?

माथेरानला मोटारगाडी नाही. दस्तुरी नाक्यापाशी ती सोडायची आणि पुढे पायी, घोड्यावर, किंवा १९०७ पासून नेरळहून वर येणाऱ्या छोट्या गाडीने जायचे. त्या शांततेसाठीच आपण तिथे जातो. पण त्याच शांततेत कित्येक वर्षे माणूस माणसाला हातरिक्षात बसवून लाल मातीच्या चढावर ओढीत होता. त्या रिक्षात बसावे का, यावर मी पुष्कळ वाद ऐकले आहेत. एक जण म्हणतो, माणसाने ओढलेल्या गाडीत बसणे ही लाजिरवाणी गोष्ट. दुसरा म्हणतो, तुमच्या लाजेने त्याची चूल पेटणार आहे का? तुम्ही बसला नाहीत तर तो उपाशी राहील. दोघांचेही म्हणणे खोटे नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न एकट्या प्रवाशाच्या दयेवर सोडून सुटणारा नव्हता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा माणुसकीला धरून नाही असे सांगून सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आदेश दिला, आणि नुसती बंद करा असे न म्हणता, ओढणाऱ्यांना विजेवर चालणाऱ्या रिक्षा देऊन त्यांची सोय लावा असेही सांगितले. मला यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपली सदसद्विवेकबुद्धी स्वच्छ ठेवण्याचा खर्च गरिबाच्या पोटावर टाकता कामा नये. आपण रिक्षातून उतरलो एवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. उतरवलेला माणूस उद्या काय करील, हेही पाहिले पाहिजे.

आणि काही ठिकाणी तर माणूसच पाहण्याची वस्तू होतो. अंदमानला मराठी माणूस मोठ्या भक्तिभावाने जातो. सेल्युलर जेलच्या कोठड्या पाहून त्याचे डोळे भरून येतात. त्याच सहलीत पुढे बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा असतात, आणि तिकडे जाणारा रस्ता जारवा लोकांच्या रानातून जातो. मोटारी एका रांगेत, पहाऱ्यात सोडतात. थांबायचे नाही, काही द्यायचे नाही, फोटो काढायचा नाही. असे नियम असतानाही २०१२ साली जारवा बायकांना खाण्याच्या लालचीने नाचायला लावल्याची चित्रफीत जगापुढे आली आणि सगळ्यांची मान खाली गेली. सकाळी तुरुंगात माणसाच्या स्वातंत्र्यासाठी रडायचे आणि दुपारी मोटारीच्या काचेला नाक लावून ‘दिसला का, दिसला का’ म्हणायचे, या दोन्ही गोष्टी एका दिवसात कशा बसतात? ज्याने आपल्याला बोलावले नाही, ज्याला आपण नको आहोत, त्याच्याकडे आपण पाहुणेही नसतो. तिथे आपल्या कुतूहलाने नजर खाली घालावी हेच बरे. कुतूहल हा मोठा गुण आहे, मी तो जन्मभर मुलांत पेरीत आले. पण दुसऱ्याच्या घराची कडी कुतूहलाने काढायची नसते.

इतके तत्त्वज्ञान झाल्यावर, सुटीच्या तयारीत असलेल्या वाचकांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. नाहीतर ‘बाईंनी घरी बसवले’ असा बोल यायचा.

पहिली गोष्ट, निसर्गाच्या सुट्या आपल्या सुट्यांशी जुळत नाहीत. दिवाळीत कासला गेलात तर वाळके गवत दिसेल. तिथे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जावे, तेही शनिवार-रविवार टाळून आणि आधी नोंदणी करून. वेळासची पिले फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. त्यांनाही आपल्या वेळापत्रकाशी देणेघेणे नाही, एखाद्या दिवशी एकही वर येत नाही. तेव्हा हिरमुसू नये. दिवाळीच्या सुटीत अजिंठा-वेरूळ उत्तम. मात्र अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. हे ध्यानात न ठेवल्यामुळे बंद दारापुढे डबे सोडून बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. अजिंठ्याला जळगावहून गेल्यास साठेक किलोमीटर पडते, छत्रपती संभाजीनगरहून शंभरेक. सकाळी लवकर पोचावे, आणि आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत दोन मिनिटे नुसते उभे राहावे. चित्रे हळूहळू वर येतात. घाईच्या माणसाला ती दिसतच नाहीत.

दुसरी गोष्ट, चार दिवसांत सात ठिकाणे करू नयेत. एका गावी दोन रात्री राहिले तर चहावाला ओळखू लागतो, आणि ओळख झाली की माणूस आपोआप पाहुण्यासारखा वागतो. गाव ‘करायचे’ नसते, गावात जायचे असते.

तिसरी गोष्ट गडांची. २०२५ च्या जुलैत शिवकालाशी निगडित बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा आपल्याकडचे आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. अभिमान वाटला, आता गर्दीही वाढणार. गडावरच्या टाक्यात पाय धुऊ नयेत. पुष्कळ ठिकाणी तेच पिण्याचे पाणी असते. बाटली नेली तर रिकामी बाटली परत आणावी. भरलेली वर नेता आली, तर रिकामी खाली आणणे जड नाही. आणि गडाच्या वाटेवर ताक किंवा लिंबूसरबत विकणाऱ्या म्हातारीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये. तिने तो हंडा डोक्यावरून वर आणलेला असतो.

चौथी गोष्ट, फोटो काढण्याआधी विचारावे. विचारायला भाषा येत नसेल तर नुसते हसून खूण करावी. समोरच्याने नाही म्हटले तर ‘त्यात काय बिघडते’ असे म्हणू नये. काय बिघडते ते त्याला ठाऊक.

या साऱ्या सूचनांत नवे असे काही नाही, हे मी जाणून आहे. आपल्या आईने मामाकडे पाठवताना हेच सांगितले होते. शिवाशिवी नको, आरडाओरडा नको, दिलेले खा, सांडलेले पूस, आणि निघताना नमस्कार कर. फरक एवढाच की मामाच्या घराला मालक असतो, तो रागावू शकतो. कासच्या मातीला, वेळासच्या पिलाला आणि अजिंठ्याच्या भिंतीला बोलता येत नाही. यजमान मुका असला म्हणजे पाहुण्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. त्याच्या वतीने आपणच आपल्याला रागवायचे असते.

आणि एक हिशेब मनात धरावा. आपण जे पाहायला जातो ते आपल्या आधीच्या कोणीतरी आपल्यासाठी शिल्लक ठेवले आहे. ज्यांनी खांब दिले त्यांनी ठेवले, आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक अशा माणसांनी ठेवले ज्यांनी काही दिले नाही, फक्त काही बिघडवले नाही. त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. अशा निनावी माणसांत आपली गणना व्हावी, यापेक्षा मोठी अपेक्षा सुटीवर निघालेल्या माणसाने करू नये, आणि याहून कमीही करू नये.

तेव्हा जरूर जा. मुलांना न्या, आजींनाही न्या, दशम्या बांधून घ्या. तिकीट काढा, आणि आत शिरताना ते खिशात ठेवून द्या.